मोडल मास ९० टक्क्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर उरलेले वस्तुमान कोठे आहे हे आधी शोधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वरच्या मजल्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षेत्राची दोन तळघरे, तळमजला आणि वर बारा मजले असलेल्या प्रबलित काँक्रीटच्या इमारतीचे भूकंप विश्लेषणासाठी त्रिमितीय मॉडेल केले आहे. मध्यभागी लिफ्टभोवती शिअर वॉल (आडवे बल घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) आहेत, स्लॅब शेल घटकांनी मेश केलेले, म्हणजे लहान तुकड्यांत विभागलेले आहेत आणि डायफ्रॅम, म्हणजे आडवे बल वाटून देणारे मजल्यांचे पृष्ठ, सेमी-रिजिड (पूर्ण ताठ न धरता) ठेवले आहेत. इमारत ज्या वेगवेगळ्या आकारांत डोलू शकते ते तिचे मोड, आणि एकूण वस्तुमानाचा जेवढा वाटा एखाद्या मोडमध्ये भाग घेतो तो मोडल मास. एक्स दिशेतील मोडल मासची बेरीज १२ मोड घेतल्यावर ५८ टक्के, ६० मोड घेतल्यावर ६६ टक्के आणि २०० मोड घेतल्यावर ६८ टक्के येते. पहिल्या सात मोडचे आवर्तकाल (एका डोलण्याला लागणारा वेळ) ३ ते ८ सेकंद असून त्यांचा सहभाग जवळपास शून्य आहे. मोडची संख्या आणखी वाढवावी का, आणि मोडवरून काढलेला डायनॅमिक बेस शिअर (इमारतीच्या तळाशी येणारे एकूण आडवे बल) शेवटी संहितेच्या सूत्राने काढलेल्या स्टॅटिक बेस शिअरइतका वाढवून घ्यायचाच असल्याने संहितेने मागितलेल्या ९० टक्क्यांच्या तुलनेतली ही तूट दुर्लक्षित केली तर चालेल का, असे दोन प्रश्न विचारले आहेत.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. आपल्या आकड्यांमध्ये दोन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि मोडची संख्या वाढवून त्यांपैकी एकही दूर होणार नाही.

आधी अपेक्षा निश्चित करू या, कारण कोणता आकडा संशयास्पद आहे हे त्याशिवाय ठरवता येत नाही. उंचीभर समान वस्तुमान आणि समान कडकपणा असलेला, केवळ शिअरने विकृत होणारा कँटिलिव्हर (खाली पक्का आणि वर मोकळा खांब) घेतला, तर पहिल्या मोडमध्ये ८१ टक्के, दुसऱ्यात ९ टक्के आणि तिसऱ्यात सुमारे ३.२ टक्के वस्तुमान भाग घेते, म्हणजे त्या दिशेतील दोन मोडमध्येच ९० टक्के पूर्ण होतात. तोच कँटिलिव्हर केवळ बेंडिंगने विकृत होणारा असेल, तर हे प्रमाण सुमारे ६१.३, १८.८, ६.५, ३.३ आणि २ टक्के असे उतरते. चार मोडची बेरीज ९० च्या किंचित खाली राहते आणि पाचवा मोड घ्यावा लागतो. चौकट आणि शिअर वॉल एकत्र असलेली नियमित इमारत या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसते. दोन आडव्या दिशा आणि पीळ मिळून पंधरा-वीस मोडमध्ये तिचे काम झाले पाहिजे. तेथे २०० मोड घेऊनही बेरीज ६८ वर थांबत असेल, तर गणकयंत्र कमी पडलेले नसून मॉडेल काहीतरी सांगत आहे.

आणखी एक हिशेब करावा. डायफ्रॅम रिजिड धरून वस्तुमान फक्त मजल्यांच्या पातळीवर आडव्या दिशांत ठेवले, तर प्रत्येक मजल्याला दोन सरकणी आणि एक फिरकी असे तीन स्वातंत्र्यांश (हलण्याचे स्वतंत्र प्रकार) मिळतात. तळघरांवरच्या तेरा स्लॅबचे ३९ आणि तळघरांच्या दोन पातळ्यांचे ६ धरून संपूर्ण इमारतीला ४५ मोडच शक्य आहेत आणि त्या ४५ मोडची बेरीज गणिताने १०० टक्केच येते. आपल्याला २०० मोड मिळतात, याचाच अर्थ त्यांतील बहुसंख्य मोड स्लॅबच्या तुकड्यांचे उभे थरथरणे किंवा एखाद्या घटकाचे एकट्याचे हलणे आहेत.

पहिल्या सात मोडपासून सुरुवात करावी. मोड काढण्याची नेहमीची आयगेन पद्धत ते वाढत्या वारंवारितेच्या क्रमाने शोधते. त्यामुळे मॉडेलमध्ये एखादा ढिला भाग असला की त्याचे लांब आवर्तकालाचे मोड यादीच्या अग्रभागी येऊन बसतात आणि खऱ्या मोडना मागे ढकलतात. आपण १२ मोड मागितले तेव्हा त्यांतले सात असे वाया गेले आणि इमारतीच्या वाट्याला पाचच आले. बारा मजल्यांच्या शिअर वॉल असलेल्या इमारतीचा आवर्तकाल ८ सेकंद येणे शक्य नाही, हे कोणत्याही आकडेमोडीशिवाय कळते. प्रत्येक मोडचा आकार पडद्यावर हलता पाहावा. सॉफ्टवेअर विस्थापने स्वतःच्या मापाने मोठी करून दाखवते, म्हणून जो भाग प्रचंड हलताना दिसतो आणि बाकी इमारत स्थिर दिसते, तोच दोषी भाग असतो.

तेथे काय सापडते हे बहुतेक वेळा ठरलेले असते. बीमचे टोक कॉलमच्या नोडपासून (घटक जेथे जोडले जातात त्या बिंदूपासून) काही मिलिमीटर अलीकडे थांबलेले असते, कारण आराखड्यातील रेषा आयात करताना त्या तंतोतंत जुळलेल्या नसतात. दुय्यम बीमच्या दोन्ही टोकांना बेंडिंगबरोबर टॉर्शनचेही (पिळाचेही) रिलीज, म्हणजे मोकळीक, दिलेले असते आणि बीम स्वतःच्या अक्षाभोवती मोकळा फिरतो. जिन्याचा स्लॅब एका बाजूला टेकलेला आणि दुसऱ्या बाजूला लोंबकळत असतो. स्लॅबची मेश आणि भिंतीची मेश एकाच रेषेवर असूनही त्यांचे नोड सामाईक नसतात. याशिवाय एक कारण असे आहे जे ड्रॉइंग कितीही तपासले तरी सापडत नाही, ते म्हणजे स्टिफनेस मॉडिफायर, म्हणजे घटकाचा कडकपणा कमी-जास्त करणारा गुणक. स्लॅबने बीमचा भार हिरावू नये म्हणून त्याच्या बेंडिंगला ०.०१ सारखा गुणक देण्याची सवय पुष्कळांना असते. स्टॅटिक विश्लेषणात तो गुणक खपून जातो, पण उभे वस्तुमान चालू असेल तर मोडल विश्लेषणात तोच स्लॅब ताणलेल्या कापडाप्रमाणे लहरू लागतो. पातळ भिंतींच्या प्रतलाबाहेरील कडकपणाला असा गुणक दिला असेल तर तेथेही हेच घडते.

हे दोष दुरुस्त करावेत. सात मोड सोडून पुढचे धरावेत असे करू नये. ढिल्या भागाला जोडलेले वस्तुमान खऱ्या मोडमधून वजा झालेले असते आणि त्या भागातून जाणाऱ्या बलांचा मार्गही तुटलेला असतो. उभ्या भूकंपाचा विचार या विश्लेषणात करायचा नसेल, तर वस्तुमान फक्त आडव्या दिशांत घेण्याचा आणि ते मजल्यांच्या पातळीवर एकवटण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे स्लॅबचे उभे मोड यादीतून नाहीसे होतील. मात्र हा पर्याय दोष सापडल्यानंतर वापरावा. आधी वापरला तर न जोडलेला बीम तसाच राहतो आणि फक्त दिसेनासा होतो.

यानंतर वस्तुमानाची तपासणी करावी. एकूण वस्तुमानाला गुरुत्वत्वरणाने गुणून येणारे वजन आणि त्याच भारांच्या संयोगातून आलेली उभी प्रतिक्रिया यांची तुलना करावी. दोन्ही जुळली पाहिजेत. स्वभार घटकांच्या घनतेतूनही आणि डेड लोडमधूनही मोजला गेला असेल, तर सहभागाची टक्केवारी फारशी हलत नाही, पण स्वभारापुरते वस्तुमान दुप्पट होते. सर्वच वस्तुमान दुप्पट झाले तर आवर्तकाल १.४१ पट वाढतो. टक्केवारी समाधानकारक असली म्हणजे वस्तुमान बरोबर आहे असे समजू नये. स्टॅड या सॉफ्टवेअरमध्ये भारांपासून वस्तुमान तयार करताना तेच भार एक्स, वाय आणि झेड या तिन्ही दिशांत द्यावे लागतात. ते केवळ उभ्या दिशेत दिले तर आडव्या दिशेत हलायला वस्तुमानच उरत नाही. आयगेन सोडवणुकीच्या मांडणीत वारंवारितेची कमाल मर्यादा भरलेली नाही ना, हेही येथेच पाहून घ्यावे. ती भरलेली असेल तर आपण कितीही मोड मागितले तरी त्या मर्यादेपलीकडचे मोड शोधलेच जात नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आपली बेरीज ६८ वर थबकली आहे. ती हळूहळू वाढत नाही, तर एका ठरावीक आकड्याकडे जाऊन तेथेच थांबते. अशा वेळी मजलानिहाय वस्तुमानाचा तक्ता काढावा. आपल्या वर्णनावरून तळघरांचे क्षेत्र वरच्या मजल्यांपेक्षा बरेच मोठे आहे, म्हणून समजुतीसाठी असे धरू की तळघरांच्या दोन पातळ्या आणि त्यांच्या रिटेनिंग वॉल मिळून ३६०० टन होतात, आणि वरचे तेरा स्लॅब प्रत्येकी ६०० टनांचे, म्हणजे ७८०० टन आहेत. एकूण ११,४०० टनांपैकी वरच्या भागाचा वाटा ६८.४ टक्के येतो. आपल्या तक्त्यातून असाच आकडा निघाला, तर कोडे सुटले असे समजावे. १२ मोडमधील ५८ टक्के म्हणजे वरच्या भागाचे जवळपास ८५ टक्के, ६० मोडमधील ६६ म्हणजे ९६ टक्क्यांहून अधिक आणि २०० मोडमधील ६८ म्हणजे ९९ टक्के. जी इमारत डोलते तिचे वस्तुमान केव्हाच पूर्ण मोजून झाले आहे. उरलेले ३२ टक्के रिटेनिंग वॉलनी जखडलेल्या तळघरांत आहे आणि त्याचे मोड ०.०३ सेकंद किंवा त्याहूनही कमी आवर्तकालाचे असल्याने यादीत फार खाली आहेत.

याची खातरजमा करण्याचा एक उपाय बहुतेक जण वापरत नाहीत. ईटॅब्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्वरणभारांसाठी स्टॅटिक आणि डायनॅमिक असे सहभागाचे दोन आकडे दिलेले असतात. स्टॅटिक आकडा ९९ च्या पुढे आणि डायनॅमिक ६८ असेल, तर विस्थापने जवळपास पूर्ण पकडली गेली आहेत आणि सुटलेला भाग अत्यंत कडक आहे, असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही आकडे कमी असतील तर सुटलेला भाग लवचीक आहे, आणि तेव्हा तळघराकडे बोट न दाखवता पुन्हा मोडचे आकार पाहावेत.

संहितांनीही हा प्रश्न ओळखलेला आहे. भारताच्या आयएस १८९३ या भूकंपविषयक संहितेच्या पहिल्या भागाची २०१६ ची आवृत्ती मोडल वस्तुमानाची बेरीज किमान ९० टक्के मागते आणि ३३ हर्ट्‌झच्या वरच्या मोडचा परिणाम मिसिंग मास दुरुस्तीने (मोडमध्ये न आलेल्या वस्तुमानाचे बल वेगळे काढून) घेण्यास सांगते. ३३ हर्ट्‌झ म्हणजे ०.०३ सेकंद. तळघराच्या भिंती तळमजल्याच्या स्लॅबशी जोडलेल्या असतील, तर अंदाजित आवर्तकालासाठी उंची मोजताना तळघराचे मजले वगळायचे असतात. युरोपच्या युरोकोड ८ मध्ये ९० टक्क्यांची अट किंवा ५ टक्क्यांहून अधिक प्रभावी वस्तुमान असलेले सर्व मोड घेण्याची अट आहे. दोन्ही पाळता येत नसतील, तर मजल्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या तिप्पट इतके मोड घ्यावेत आणि शेवटच्या मोडचा आवर्तकाल ०.२ सेकंदांपेक्षा जास्त नसावा, असे सांगितले आहे. हे मजले पायापासून किंवा कडक तळघराच्या माथ्यापासून मोजायचे असतात, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. अमेरिकेच्या एएससीई ७ च्या २०१६ च्या आवृत्तीने मूळ अपेक्षा १०० टक्क्यांची केली, परंतु ०.०५ सेकंदांपेक्षा कमी आवर्तकालाचे सर्व मोड एकाच कडक मोडमध्ये गोळा करण्याची मुभा दिली आणि ९० टक्क्यांचा पर्यायही ठेवला. तिन्ही ठिकाणचा विचार एकच दिसतो. कडक भागाचे मोड शोधत बसण्याची गरज नाही, पण त्याचे बल सोडूनही द्यायचे नाही.

ते बल कसे घ्यायचे ते पाहू. प्रत्येक नोडवर घेतलेल्या सर्व मोडच्या सहभाग गुणांकाचा आणि मोड आकाराचा गुणाकार करून बेरीज करावी आणि ती १ मधून वजा करावी. वरच्या मजल्यांवर ही वजाबाकी शून्याच्या आसपास आणि तळघरात १ च्या आसपास आली पाहिजे. तशी आली नाही, तर आपले निदान चुकलेले आहे. या शिल्लक भागाला त्या नोडच्या वस्तुमानाने आणि स्पेक्ट्रमच्या (आवर्तकालानुसार त्वरण देणाऱ्या आलेखाच्या) शून्य आवर्तकालाजवळील त्वरणाने गुणले की स्टॅटिक बल मिळते. ते मॉडेलवर लावून येणारे परिणाम मोडल परिणामांशी वर्गबेरजेच्या वर्गमुळाने जोडावेत. स्टॅडमध्ये स्पेक्ट्रमच्या आदेशातच मिसिंग मासचा पर्याय आहे आणि ईटॅब्स व सॅपमध्ये तो मोडल केसमध्ये निवडता येतो, त्यामुळे हे हाताने करण्याची वेळ क्वचितच येते. तरीही नोडवरील वजाबाकी एकदा स्वतः करून पाहावी, असा माझा आग्रह असतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. कडक भाग जमिनीबरोबरच हलतो. त्याचे त्वरण जमिनीइतकेच असते आणि लवचीकतेच्या पलीकडे जाऊन ऊर्जा शोषण्याला तेथे वाव नसतो. म्हणून वरच्या चौकटीसाठी वापरलेला रिडक्शन फॅक्टर (अशा ऊर्जाशोषणापोटी बल कमी करणारा भाजक) तळघराच्या शिल्लक बलालाही आपोआप लावणे तर्काला धरून नाही. युरोकोड ८ च्या डिझाइन स्पेक्ट्रममध्ये शून्य आवर्तकालाला हा भागाकार नाहीसा होऊन फक्त दोन-तृतीयांश एवढा गुणक उरतो, तो याच विचाराने.

दुसरा प्रश्न बेस शिअर वाढवण्याचा. हा मार्ग वरवर निरुपद्रवी वाटतो, पण आपल्या बाबतीत तो महागात पडेल. स्टॅटिक बेस शिअर काढताना सॉफ्टवेअरने तळघरांसह ११,४०० टन धरले आणि डायनॅमिक विश्लेषणात ७८०० टनच हलले, तर केवळ या फरकामुळे गुणक १.४६ येतो. हा गुणक सर्व मजल्यांच्या बलांना लागतो. परिणामी वरच्या मजल्यांचे कॉलम आणि भिंती अकारण सेहेचाळीस टक्के अधिक बलासाठी डिझाइन होतात आणि तळघरातील डायफ्रॅममधून रिटेनिंग वॉलमध्ये जाणारे बल मात्र कमीच राहते, कारण जे बल मॉडेलमध्ये आलेच नाही त्याला कितीही गुणले तरी ते उत्पन्न होत नाही. दोन्ही बेस शिअर एकाच पातळीवर, म्हणजे तळमजल्याच्या स्लॅबच्या वर, एकाच वस्तुमानासाठी काढून मगच त्यांची तुलना करावी. तूट तळघरातली नसून उच्च वारंवारितेच्या मोडमधली असती, तरीही स्केलिंग पुरे पडले नसते. उंच इमारतीच्या माथ्याकडील मजल्यांचे शिअर आणि मजल्यांची त्वरणे दुसऱ्या-तिसऱ्या मोडवर बरीच अवलंबून असतात, आणि पहिल्या मोडचा आकार मोठा केल्याने त्यांचे वितरण बदलत नाही.

रिट्झ व्हेक्टर वापरावेत का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो पुढे येणारच. १९८२ मध्ये एडवर्ड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही पद्धत भाराच्या वितरणापासून सुरुवात करते, म्हणून ज्या मोडना त्या भाराशी काही देणेघेणे नाही त्यांना ती शोधतच नाही. एक्स आणि वाय दिशांचे त्वरण आरंभी दिले, तर आपल्या मॉडेलमध्ये तीस-चाळीस व्हेक्टरमध्ये ९९ टक्के मिळतील. डिझाइनसाठी मी हीच पद्धत पसंत करतो. परंतु निदानासाठी ती निरुपयोगी, किंबहुना घातक आहे, कारण सदोष मॉडेललाही ती ९० टक्क्यांचे प्रमाणपत्र देऊन मोकळी होते आणि न जोडलेला बीम यादीत दिसतही नाही. आधी आयगेनने मॉडेल निर्दोष करून घ्यावे आणि मग रिट्झकडे वळावे. रिट्झच्या यादीतील शेवटच्या व्हेक्टरचे आवर्तकाल इमारतीचे नैसर्गिक आवर्तकाल नसतात, त्यामुळे अहवालात ते तसे लिहू नयेत.

ट्रसचे छप्पर असलेल्या मोठ्या शेडमध्ये किंवा पाइप रॅकमध्ये चित्र वेगळे असते. तेथे शेकडो सडपातळ घटकांचे खरेखुरे स्थानिक मोड असतात, दोष नसतानाही आयगेनची यादी लांबतच जाते, आणि त्यामुळे रिट्झ किंवा मिसिंग मास यांशिवाय व्यवहार्य मार्ग उरत नाही. एकाच पोडियमवर (सामाईक खालच्या मजल्यांवर) दोन मनोरे असतील, तर प्रत्येक मनोऱ्याचे मोड स्वतंत्रपणे मोजावे लागतात आणि मोडची संख्या साहजिकच दुप्पट लागते.

इमारतीचे प्रमुख अक्ष मॉडेलच्या अक्षांशी तिरके असल्याने सहभाग कमी येतो, असेही कारण कधीकधी दिले जाते. ते बरोबर नाही. ४५ अंशांनी फिरलेल्या इमारतीत एकेका मोडचे वस्तुमान एक्स आणि वायमध्ये निम्मे-निम्मे वाटले जाते, पण दोन्ही दिशांतील एकूण बेरीज तेवढीच राहते. मात्र आयएस १८९३ मधील दुसऱ्या एका तरतुदीवर या वाटणीचा परिणाम होऊ शकतो. पहिल्या तीन मोडमध्ये प्रत्येक प्रमुख दिशेत ६५ टक्क्यांपेक्षा कमी वस्तुमान भाग घेत असेल तर ती इमारत अनियमित मानावी, असे ती तरतूद सांगते. ९० टक्क्यांची अट विश्लेषण पुरेसे आहे की नाही हे तपासते, तर ६५ टक्क्यांची अट इमारतीचे वर्तन तपासते. पहिली मोड वाढवून किंवा दुरुस्तीने पूर्ण होते, दुसरी मांडणी बदलल्याशिवाय होत नाही. आपल्या मॉडेलमध्ये तळघरांचे ३२ टक्के टक्केवारीच्या छेदात (भाजकात) राहिले, तर वरचा भाग कितीही नियमित असला तरी ६५ टक्के गाठणे अशक्यप्राय आहे. म्हणून ही तपासणी तळमजल्याच्या स्लॅबपाशी स्थिर केलेल्या, फक्त वरच्या भागाच्या मॉडेलवर करावी आणि तसे केल्याचे डिझाइन अहवालात कारणासह नोंदवावे. तळघरांची भिंत एखाद्या बाजूला उघडी असेल किंवा उताराच्या जमिनीमुळे एकाच बाजूला माती असेल, तर मात्र तो स्लॅब स्थिर धरता येत नाही. तेव्हा तळघरांसह पूर्ण मॉडेलच मिसिंग मास दुरुस्तीने चालवावे आणि तळघराच्या पातळीवर येणारी फिरकी स्वतंत्रपणे पाहावी.